विन्सन पर्वत हातात घेतला: रेमाचा फुकट डेटा आणि त्यावरून करून घेतलेलं थ्रीडी प्रिंट, वापरून बघितल्यावरचा रिव्ह्यू

हा रिव्ह्यू दोन गोष्टींचा आहे. एक म्हणजे रेमा, रेफरन्स एलिव्हेशन मॉडेल ऑफ अंटार्क्टिका, म्हणजे अख्ख्या अंटार्क्टिकाच्या पृष्ठभागाच्या उंचीचा डेटा जो नेटवर कोणालाही फुकट मिळतो, आणि दुसरी म्हणजे त्या डेटावरून नागपूरच्या एका दुकानातून मी करून घेतलेलं माउंट विन्सनचं थ्रीडी प्रिंट. रेमाला ५ पैकी ५. प्रिंटला ५ पैकी साडेतीन, आणि तो दीड मार्क का कापला ते खाली सांगतोच. कोणी शाळेत भूगोल शिकवत असेल, किंवा नुसताच नकाशांचा नाद असेल, तर पूर्ण वाचा, कारण मी दोन ठिकाणी अडकलो आणि तिथे तुम्हीही अडकणार.

मी चंद्रपूरला नववी-दहावीला भूगोल शिकवतो. अंटार्क्टिका आलं की आमच्या भिंतीवरच्या नकाशात खाली एक लांबलचक पांढरा पट्टा असतो, तळाशी पसरलेला, बस. पोरांना वाटतं तिकडे सगळं सपाट बर्फाचं मैदान आहे. मागच्या वर्षी एका पोराने विचारलं, सर तिथे पहाड आहे का, आणि मी हो म्हणालो, विन्सन म्हणून आहे, ४८९२ मीटर, त्या खंडातलं सगळ्यात उंच शिखर. मग तो लायब्ररीतला जुना अ‍ॅटलास घेऊन आला, त्यात ५१४० लिहिलेलं. कोणतं खरं सर? खरं ४८९२च, २००४ मध्ये डेमियन गिल्डिया, रोद्रिगो फिका आणि कामिलो रादा या तिघांनी शिखरावर जीपीएस नेऊन मोजलेलं आहे ते. पण ते सांगून माझंच समाधान झालं नाही, कारण पुढचा प्रश्न होता की दिसतो कसा, आणि फळ्यावर मी जो त्रिकोण काढला तो विन्सन नव्हता, तो कुठलाही डोंगर होता.

तर रेमा. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाचं पोलर जिओस्पेशियल सेंटर आणि ओहायो स्टेट विद्यापीठ यांनी मिळून केलेलं काम आहे. २०१८ मध्ये पहिल्यांदा आलं तेव्हा ८ मीटरला एक उंची असं होतं, २०२२ च्या आवृत्तीत २ मीटरला एक. वर्ल्डव्ह्यू आणि जिओआय या उपग्रहांनी एकाच जागेचे दोन वेगवेगळ्या कोनांतून फोटो काढायचे आणि दोन डोळ्यांना जशी खोली कळते तशी त्या जोडीवरून जमिनीची उंची काढायची, असं लाखाहून जास्त फोटोंवर, ब्लू वॉटर्स नावाच्या सुपरकॉम्प्युटरवर. मग क्रायोसॅट-२ आणि आइससॅट या उंची मोजणाऱ्या उपग्रहांच्या आकड्यांशी ते पक्कं बसवलेलं. बऱ्याच भागात चूक १ मीटरच्या आत. आणि हे सगळं आपल्याला एक पैसा न देता मिळतं, वापरलं की फक्त श्रेय द्यायचं. मला हे अजूनही फार मोठं वाटतं. ज्या डोंगराच्या पायथ्याशी जायला चिलीच्या पुंता अरेनासहून साधारण साडेचार तासांचं विमान, ते निळ्या बर्फाच्या धावपट्टीवर उतरणार, मग स्कीवाल्या छोट्या विमानाने आणखी पुढे, आणि खर्च ऐकून आपण गप्प बसावं असा, त्याचा आकार चंद्रपूरच्या मास्तरला घरबसल्या मिळतो.

आता स्क्रीनवर. ब्राउझरमध्येच उघडतं, काही इन्स्टॉल करायला लागत नाही, हिलशेड, म्हणजे उंचीवरून काढलेली ऊन-सावली, लावलं की डोंगर उठून दिसतात, उताराचा नकाशा लावता येतो, उतार कुठल्या दिशेला आहे त्याचाही. पण पहिला अडकलो तो इथेच. विन्सन सापडेना! मी खाली शोधतोय, ७८ अंश दक्षिण म्हणून, आणि तो डावीकडे. कारण या नकाशात दक्षिण ध्रुव मधोमध आहे आणि उत्तर चारही बाजूंना बाहेर. शून्य रेखांश वर, ९० पूर्व उजवीकडे. विन्सन ८५ अंश ३७ मिनिटं पश्चिमेला, म्हणजे मध्यापासून जवळजवळ सरळ डावीकडे. तिथे उत्तर म्हणजे डावीकडे, दक्षिण उजवीकडे, पूर्व वर आणि पश्चिम खाली. हे एकदा कागदावर काढून घ्या, नाहीतर पूर्वेचा कडा आणि पश्चिमेची वाट यांची अदलाबदल होते, माझी दोन दिवस झाली होती.

एकदा दिशा बसली की मग बघत राहावं असं आहे ते. एल्सवर्थ पर्वत, त्याचा उत्तरेचा भाग म्हणजे सेंटिनेल रांग, १८५ किलोमीटर लांब आणि जेमतेम २५ ते ५० किलोमीटर रुंद, स्क्रीनवर आडवी पडलेली माशाच्या काट्यासारखी, मधला कणा आणि दोन्ही बाजूंना फुटलेले फाटे, प्रत्येक दोन फाट्यांच्या मध्ये एक हिमनदी. खालच्या बाजूला, म्हणजे पश्चिमेला, निमित्झ हिमनदी रांगेच्या कडेकडेने जाते. विन्सनच्या अंगावरून पश्चिमेला उतरते ती ब्रॅन्सकॉम्ब, तिच्यावरच २१०० मीटरच्या आसपास गिर्यारोहकांचा बेस कॅम्प असतो. आणि विन्सन टोकदार नाहीच. २१ किलोमीटर लांब, १३ किलोमीटर रुंद असा प्रचंड उंचावलेला ठोकळा, वर पठारासारखा, त्या पठाराच्या कडेने छोटी छोटी शिखरं, क्लिंच, कॉर्बेट, शोनिंग, सिल्वरस्टीन अशी, आणि त्यातलंच सगळ्यात उंच ते माउंट विन्सन. म्हणून तर २००६ मध्ये पूर्ण समूहाचं नाव विन्सन मासिफ आणि एकट्या शिखराचं माउंट विन्सन असं वेगळं केलं. ही शिखरांची नावं बरीचशी १९६६ च्या चढाईतल्या लोकांची आहेत. निकोलस क्लिंचच्या नेतृत्वाखाली अमेरिकन गट गेला होता, १८ डिसेंबर १९६६ ला बॅरी कॉर्बेट, जॉन इव्हान्स, बिल लाँग आणि पीट शोनिंग वर पोचले. विचार करा, एव्हरेस्ट चढून १३ वर्षं झाली होती आणि एका खंडाच्या सर्वोच्च शिखरावर तोवर माणूस गेलाच नव्हता, मुळात १९५८ च्या जानेवारीपर्यंत ते कोणी पाहिलंही नव्हतं. रांग त्याआधी १९३५ मध्ये लिंकन एल्सवर्थला विमानातून दिसली होती, पण हे शिखर नाही.

वायव्येला १३ किलोमीटरवर माउंट टायरी, ४८५२ मीटर. फक्त ४० मीटरने ठेंगणा पण सगळाच वेगळा, हिलशेडमध्ये बघाल तर सुरीच्या पात्यासारखा. विन्सनवर पश्चिमेकडून चालत चालत चढता येतं, दोराचा एक लांब चढ आहे तो धरून, टायरीवर तसं काही नाही. दोघांच्या उंच्या वाचून हा फरक कधीच कळला नसता.

आता दुसरी अडकायची जागा, उंची. शिखरावर क्लिक केलं तर ४८९२ येत नाही. मला वाटलं डेटा चुकला. चुकलेला नाही. रेमातली उंची समुद्रसपाटीपासून नसते, ती पृथ्वीचा जो गणिती गुळगुळीत आकार मानतात, डब्ल्यूजीएस ८४, त्याच्यापासून मोजलेली असते. समुद्रसपाटी त्या आकाराला सगळीकडे चिकटून नसते, कुठे वर कुठे खाली, म्हणून जिओइडचा, म्हणजे समुद्रसपाटीच्या खऱ्या आकाराचा, वेगळा डेटा घेऊन दुरुस्ती करायला लागते. शिवाय टोकदार जागेचं टोक थोडं बोथट होतं. सावलीतल्या उभ्या कड्यांवर फोटोत ओळखायला काही खुणाच नसल्या तर दोन फोटो जुळत नाहीत आणि तिथे डेटा रिकामा राहू शकतो, हा फोटोंवरून उंची काढायच्या पद्धतीचाच स्वभाव आहे, क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये आजूबाजूच्या आकड्यांवरून ते भरता येतं. पण भरलेली जागा ही अंदाजाची जागा, हे लक्षात ठेवून वापरा.

प्रिंटसाठी मी विन्सन मध्यभागी ठेवून ३० किलोमीटर बाय ३० किलोमीटरचा चौकोन कापला, म्हणजे टायरीही आत येतो. प्रमाण १:१,५०,००० धरलं की २० सेंटिमीटरचा चौकोन, साध्या प्रिंटरवर बसतो. आधी हौसेने २ मीटरचा डेटा उतरवला, म्हणजे १५,००० बाय १५,००० बिंदू, साडेबावीस कोटी, लॅपटॉप बंदच पडला. मग डोकं शांत करून हिशोब केला. प्रिंटरचा एक थर ०.२ मिलिमीटर, या प्रमाणात तो ३० मीटर. म्हणजे त्याहून बारीक काही प्रिंटर दाखवूच शकत नाही! रेमामध्ये ३२ मीटरचाही तयार संच आहे, तो घेतला, पावणेनऊ लाखांच्या आसपास बिंदू, दहा मिनिटांत फाईल तयार. क्यूजीआयएसमध्ये डेमटूथ्रीडी नावाचं प्लगिन आहे, प्रमाण टाका, तळ कुठे कापायचा ते सांगा, झालं. मी तळ समुद्रसपाटीला ठेवला. मग शिखर येतं ३.२६ सेंटिमीटरवर.

आणि इथे दुकानवाल्याने घोळ केला. दुकानाचं नाव लिहीत नाही, माणूस वाईट नाही. फाईल देताना मी स्पष्ट लिहून दिलं होतं की उभं प्रमाण बदलायचं नाही. आठ दिवसांनी घ्यायला गेलो तर टेबलावर दहा सेंटिमीटर उंच सुळका उभा, मंदिराच्या कळसासारखा. म्हटलं भाऊ हे काय केलं? तर म्हणे, "सर, तुमच्या फाईलमध्ये पहाडच दिसत नव्हता ना, चपटा होता, म्हणून मी तिप्पट करून टाकला, मस्त दिसते ना आता?" दिसतं मस्त, पण तो विन्सन नाही. विन्सनबद्दल जे समजून घ्यायचं तेच त्या तिपटीत गेलं. तो रुंद आहे, भारदस्त आहे, त्याची पश्चिमेची बाजू सैल उतरते, आणि तिथे जाणाऱ्याची परीक्षा कड्यांवर होत नाही, थंडी आणि दूरपणा यात होते. उन्हाळ्यातही तिथे उणे ३० च्या आसपास. ध्रुवाकडे हवेचा थर पातळ म्हणून त्याच उंचीला हिमालयापेक्षा श्वास कमी पुरतो. सुळका दाखवून पोरांना मी हे कसं सांगणार होतो? सगळ्या भूगोलाच्या पुस्तकांत डोंगर ताणलेले असतात म्हणून सगळ्यांना डोंगर तसेच वाटतात, आणि मला एक तरी खरा दाखवायचा होता. मी अडून बसलो. दुसऱ्यांदा करायला निम्मे पैसे घेतले, एकूण ३६०० रुपये गेले, आणि दुसऱ्या प्रिंटचा एक कोपरा थंड होताना उचलला गेला, मॉडेल टेबलावर किंचित डुगडुगतं. म्हणून साडेतीन.

पण दुसरं प्रिंट हातात घेतलं तेव्हा बोटाला जे कळलं ते स्क्रीनवर कळलं नव्हतं. पांढरं पीएलए प्लास्टिक, वरून थरांच्या रेषा दिसतात, आणि त्या रेषा म्हणजे आपोआप समोच्च रेषाच की! प्रत्येक रेष ३० मीटर. वर्गात भिंग देऊन पोरांना थर मोजायला लावले. तीन गट केले होते, एका गटाचे १६१ भरले, दुसऱ्याचे १६३, तिसऱ्याने मध्येच सोडलं. १६३ गुणिले ३० म्हणजे ४८९०. तो अ‍ॅटलासवाला पोरगा वहीत गुणाकार करून उभाच राहिला. समोच्च रेषा हा धडा मी चौदा वर्षं शिकवतोय, इतक्या कमी वेळात कधी कळला नव्हता. मग त्याच प्रमाणात कळसूबाई किती, १६४६ मीटर, म्हणजे १.१ सेंटिमीटर, एव्हरेस्ट ५.९, हे त्यांनीच काढलं.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो टॉर्चचा. खोलीत अंधार केला, मॉडेलची उत्तर डावीकडे, कोनमापक घेतलं. डिसेंबरच्या शेवटी विन्सनला सूर्य मावळतच नाही, पण तो एकाच उंचीवर फिरतही नाही, दुपारी उत्तरेला साधारण ३५ अंशांवर असतो, मध्यरात्री दक्षिणेला १२ अंशांवर. म्हणून टॉर्च हळूहळू खाली-वर करत मॉडेलभोवती फिरवायचा, आणि घड्याळाच्या उलट्या दिशेने, कारण दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून जातो, उजवीकडून डावीकडे. पोरांना आधी हेच पटेना, अर्धा तास त्यात गेला, जाऊ दे म्हटलं, कारण तोच खरा धडा होता. मग टॉर्च दक्षिणेहून पूर्वेकडे आला तशी पश्चिमेची ब्रॅन्सकॉम्बची दरी मासिफच्या सावलीत काळी झाली. तिथल्या कॅम्पवर चोवीस तास दिवस असूनही सकाळचे काही तास ऊन मिळत नाही, ऊन गेलं की थंडी एकदम कडक होते आणि येईपर्यंत लोक तंबूच्या बाहेर पडत नाहीत, हे मी वाचलं होतं. त्या दिवशी ते मला माझ्याच टेबलावर दिसलं. एक मुलगी म्हणाली, "सर, म्हणजे तिथे पहाडच घड्याळ आहे." हे वाक्य मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं होतं आठवडाभर.

एक गोष्ट या डेटातून मिळत नाही ती सांगायला पाहिजे. रेमा म्हणजे वरचा पृष्ठभाग, बर्फ असेल तर बर्फाचा, खडक असेल तर खडकाचा. बर्फाखाली काय आहे ते यात नाही. त्यासाठी बेडमॅप नावाचा वेगळा संच आहे, ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेचा, विमानातून रडार मारून जमवलेला, तोही फुकट. विन्सनच्या बाबतीत हा फरक फार मोठा आहे. पूर्वेला रटफर्ड हिमप्रवाह आहे, माझ्या चौकोनाच्या बाहेर, २४ किलोमीटरहून रुंद, दिवसाला साधारण १ मीटर सरकणारा, रॉन हिमपट्ट्याकडे, म्हणजे समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या थराकडे, जाणारा, आणि समुद्राच्या भरती-ओहोटीप्रमाणे त्याचा वेग आत कितीतरी किलोमीटरपर्यंत कमी-जास्त होतो. त्याची जाडी दोन किलोमीटरच्या वर. म्हणजे त्याचा तळ समुद्रसपाटीच्या दीड किलोमीटरहून खाली. आमच्या मॉडेलचा तळ समुद्रसपाटीला, मग तो रटफर्डचा तळ कुठे दाखवायचा? टेबलाच्या खाली! एका पोराने टेबलाखाली वाकून बोट लावून दाखवलं, इथे सर. अगदी बरोबर. शिखर टेबलाच्या वर सव्वातीन सेंटिमीटर आणि त्याच्या शेजारची दरी टेबलाखाली सेंटिमीटरभर, मध्ये बर्फ भरलेला. विन्सन नुसता ४८९२ चा नाही, बर्फ काढला तर तो त्याहून फार मोठा उभा राहील.

नावंही यात नाहीत, नुसता आकार आहे. नावांसाठी अंटार्क्टिकाचं एकत्रित गॅझेटिअर, म्हणजे ठिकाणांच्या नावांची यादी, वेगळं बघायला लागतं, तिथे सेंटिनेल रांगेत बल्गेरियाने दिलेली नावंही खूप सापडतील.

आणि चंद्रपूरकरांसाठी खास. विन्सनचा खडक म्हणजे क्वार्टझाइट, क्रॅशसाइट गटाचा, वाळूचा दाबून झालेला. पण त्याच रांगेत उत्तरेकडे पोलारस्टार नावाचा थर आहे, एल्सवर्थच्या विमानाच्या नावावरून, त्यात ग्लॉसोप्टेरिसच्या पानांचे ठसे सापडतात. ग्लॉसोप्टेरिस! आपल्या वर्धा खोऱ्यातला कोळसा ज्या झाडांचा झाला तीच जात. आणि त्याच्या खाली तिथे हिमयुगाच्या गाळाचा व्हाइटआउट थर, तसा आपल्याकडे कोळशाखाली तालचीर नावाचा थर, इरईजवळ तर हिमनदीने घासलेल्या चुनखडीवर ओरखडे आहेत. दोन्ही जमिनी गोंडवन या एकाच जुन्या महाखंडात होत्या, आणि ते नाव आपल्याच गोंडांच्या प्रदेशावरून पडलेलं. शाळेच्या कपाटात ग्लॉसोप्टेरिसचा ठसा असलेला एक दगड आहे, पूर्वी खाणीत काम करणाऱ्या एका पालकांनी दिलेला. तो आता मॉडेलच्या बाजूलाच ठेवतो. बाहेर ४५ अंश आणि टेबलावर हे दोन.

घ्यायचं असेल तर ३२ मीटरचा संच घ्या, फाईल स्वतः करा, दुकानात उभं प्रमाण एकास एक असं तोंडाने सांगा, लिहून द्या आणि छापायच्या आधी स्क्रीनवर उंचीचा आकडा बघून घ्या. शक्य असेल तर तळाला थोडी जाड पाटी करायला सांगा म्हणजे कोपरा उचलत नाही. पॉलिश अजिबात करू देऊ नका, थरांच्या रेषा जातील. आमचं मॉडेल सहा महिन्यांत दोनशे-अडीचशे हातांतून गेलंय, विन्सनला काही झालं नाही, फक्त टायरीचं टोक मागच्या महिन्यात तुटलं. सापडलं, चिकटवलंय फेविक्विकने, पण एक थर कमी भरतो आता.